निळा रंग, करारपत्र आणि अनाथ बालकें

(शतकमहोत्सवाच्या व्याख्यानमालेंत चर्चच्या सभागृहांत दिलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आम्हांस आज आपल्या चर्चच्या शंभर वर्षांच्या इतिहासावर बोलण्यास सांगितलें होतें. परंतु तो इतिहास आमच्याहून अधिक जाणत्या वृद्धांनीं स्मरणिकेसाठीं लिहून दिला आहे, आणि जें चांगलें लिहिलें गेलें तें पुन्हां वाईट रीतीनें बोलून दाखविण्यांत कांहीं पुण्य नाहीं. सबब समितीची क्षमा मागून आम्ही तुम्हांस दूर देशीं, इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं घेऊन जाणार आहों. तेथें एका अनाथालयाच्या मुख्य आल्तारासाठीं इ. स. १४८५ मध्यें एक चित्र काढून घेण्याचा करार झाला. त्या चित्राची, व चित्राहूनही त्या कराराची, हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. चर्चच्या समारंभांत करारमदाराची गोष्ट कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें कारण आमच्याच एका जुन्या अपराधांत आहे. पण तें पुढें.

सेमिनरींत असतांना पुनरुज्जीवनाच्या काळांतील, ज्यास हल्लीं प्रबोधनकाल म्हणतात त्या काळांतील, कलेविषयीं आम्ही जें शिकलों ती केवळ नांवांची एक माळ होती. फ्रा अँजेलिको, बॉत्तिचेल्ली, लिओनार्दो, राफाएल, मिकेलांजेलो. कोणाचा जन्म कधीं, कोणतें चित्र कोठें, एवढें घोकलें कीं झालें. तें चित्र मागितलें कोणीं, पैसे दिले कोणीं, रंग आला कोठून, आणि त्या चित्रापुढें गुडघे टेकणारा साधा माणूस त्यांत काय पाही, हे प्रश्न आम्हांस कधीं पडलेच नाहींत.

ज्यांना ते पडले त्यांपैकीं एक मायकेल बॅक्सँडॉल (१९३३–२००८) हे ब्रिटिश कलेतिहासकार होत. पंधराव्या शतकांतील इटलीच्या चित्रकलेवरील त्यांचें लहानसें पुस्तक १९७२ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या आरंभीं सौंदर्याची चर्चा नाहीं; सरळ पैशाची आहे. चित्र काढून घेणारा एक, काढून देणारा दुसरा, आणि दोहोंमध्यें एक कागद. तेथून ते निघतात. देवाधर्माच्या चित्रांत पैशाचें नांव ऐकून आमच्यासारख्या पाद्र्यास प्रथम जरा ठेंच लागली. पण वाचीत गेलों तसतसें ध्यानांत आलें कीं, त्या कोरड्या कागदांत जितकी भक्ति दडली आहे तितकी कांहीं स्तोत्रांतही सांपडावयाची नाहीं. हें मत आमचें. त्याचा दोष बॅक्सँडॉलसाहेबांस लावूं नये.

आतां त्या अनाथालयाकडे वळूं. त्याचें नांव 'इन्नोचेंती', म्हणजे निष्पाप बालकें. हेरोदानें बेथलेहेमांत ज्यांचा वध केला, ज्यांचा सण आपण २८ डिसेंबरला पाळतों, त्या बाळांचें नांव या घराला दिलेलें आहे. प्रातो गांवचा एक धनाढ्य व्यापारी, फ्रांचेस्को दातिनी, १४१० सालीं मरण पावला. टाकून दिलेल्या मुलांसाठीं त्यानें मृत्युपत्रांत एक हजार फ्लोरिन ठेविले होते. फ्लॉरेन्सच्या रेशीमवाल्यांच्या संघानें तें काम अंगावर घेतलें, आणि १४१९ सालीं ब्रुनेल्लेस्की नामक प्रख्यात शिल्पज्ञाच्या हातून इमारतीस आरंभ झाला. दरवाजे उघडावयास मात्र १४४५ साल उजाडलें. पहिलें मूल ५ फेब्रुवारीस आलें. ती मुलगी होती, आणि तो संत आगाथेचा सण असल्यामुळें तिचें नांव आगाता ठेविलें. मुलगी पहिली आली यांत नवल नाहीं. टाकून द्यावयाचें झालें तर प्रथम मुलीस टाकावें, ही दुर्बुद्धि एकट्या एका देशाची नव्हे. आपण सर्वजण तें जाणतों.

या घराच्या दर्शनी कमानींवर आंद्रेआ देल्ला रोब्बिया यानें केलेलीं, निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या कापडांत गुंडाळलेल्या बाळांचीं मातीचीं वर्तुळें आहेत. तेथील संग्रहालयांत आणखी एक वस्तु ठेविली आहे, ती आम्हांस चित्राहून जड वाटते. मुलास सोडतांना आई त्याच्या अंगावर एखादें अर्धें तोडलेलें पदक किंवा नाणें बांधी. दुसरा अर्धा तुकडा आपल्याजवळ ठेवी. पुढेंमागें दिवस पालटले तर दोन तुकडे जुळवून मूल ओळखतां यावें, एवढाच हेतु. जे तुकडे तेथें आज दिसतात ते बहुतेक एकोणिसाव्या शतकांतील आहेत.

करारपत्र २३ ऑक्टोबर १४८५ चें आहे. एका पक्षास अनाथालयाचे मुख्य, प्रायर फ्रांचेस्को दि जोव्हान्नी तेसोरी. दुसऱ्या पक्षास चित्रकार दोमेनिको घिर्लांदायो. उभयतांच्या विनंतीवरून कागद लिहिला तो फ्रा बर्नार्दो नांवाच्या एका मठवाशानें. विषय: तीन राजांचें बाळ येशूस वंदन. चित्रकारानें आधीं कागदावर नमुना काढून दाखविलेला होता. फळीवर त्याच नमुन्यांतील माणसें त्याच रीतीनें आलीं पाहिजेत. रंग चांगले वापरावयाचे, तेही चित्रकाराच्या खर्चानें. जेथें अलंकारास लागेल तेथें सोन्याची पूड. निळा रंग औंसास सुमारें चार फ्लोरिन किंमतीचा अल्ट्रामरीनच असावा. मुदत तीस महिने. मोल ११५ मोठे फ्लोरिन. पण काम तेवढ्या मोलाचें आहे असें फ्रा बर्नार्दोस वाटलें पाहिजे. त्यासाठीं तो वाटेल त्या जाणत्याचा सल्ला घेईल, आणि काम कमी प्रतीचें ठरलें तर पैसेही कमी. १ नोव्हेंबरपासून दरमहा तीन फ्लोरिन द्यावयाचे. वेळेंत चित्र न दिल्यास चित्रकारास १५ फ्लोरिन दंड. आणि अनाथालयानें मासिक हप्ते चुकविले तर? तर चित्र पुरें होतांच उरलेली सगळी रक्कम एकदम मोजावी. पाहा, दंड दोन्ही पक्षांस आहे. कारागिरास बांधून घ्यावें आणि आपण मोकळें राहावें, अशी चलाखी त्यांत नाहीं. हें वाक्य उच्चारतांना आम्ही आपल्या बांधकाम समितीकडे पाहात नाहीं आहों.

या चार फ्लोरिनांच्या निळ्या रंगापाशीं थोडें थांबावें असें आम्हांस वाटतें. फ्लोरिन म्हणजे जवळजवळ शुद्ध सोन्याचें नाणें, वजन सुमारें साडेतीन ग्रॅम, म्हणजे तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच. एक औंस रंगाला असलीं चार नाणीं! हा रंग लाजवर्द नांवाच्या दगडापासून होई, आणि त्या दगडाच्या नामांकित खाणी अफगाणिस्तानांतील बदकशान प्रांतांत आहेत. समुद्रापलीकडून येतो म्हणून त्याचें नांव अल्ट्रामरीन. दगड नुसता कुटून भागत नसे. तसा केल्यास राखाडी भुकटी हातीं येई. चेन्निनो चेन्निनी नांवाच्या चित्रकारानें इ. स. १४०० च्या सुमारास कृति लिहून ठेविली आहे. वस्त्रगाळ पूड राळेंत व मेणांत मळून तिचा गोळा करावयाचा, कांहीं दिवस मुरवावयाचा, मग क्षाराच्या पाण्यांत काठ्यांनीं मळून मळून त्यांतून निळाई काढावयाची. पहिल्या धुण्याची सर्वांत गडद, आणि पुढें पुढें उतरती. कृत्रिम अल्ट्रामरीन फ्रान्समध्यें १८२८ च्या सुमारास तयार होऊं लागलें आणि भाव कोसळले. आपल्या आयाबहिणी पांढऱ्या कपड्यांना जी निळीची पूड देत, ती त्याच कृत्रिम रंगाची. प्रायर तेसोरींच्या काळीं ज्याला सोनें मोजावें लागे तें आमच्या लहानपणीं वाण्याच्या दुकानीं पुडींत मिळत असे.

रंगाची परीक्षा करण्यास फ्रा बर्नार्दोच कां? तो जेझुआती मंडळाचा होता. नांव ऐकून फसूं नका. हे जेझुइट नव्हेत. चौदाव्या शतकांत सिएना येथील धन्य जॉन कोलोंबिनी यांनीं स्थापिलेलें हें निराळें मंडळ, आणि १६६८ सालीं तें बंद झालें. फ्लॉरेन्सच्या वेशीबाहेर त्यांचा मठ होता, आणि तेथील अल्ट्रामरीन शहरांत उत्तम गणलें जाई. त्यांच्याविषयीं वासारीनें एक गोष्ट लिहून ठेविली आहे. पेरुजीनो नांवाचा चित्रकार त्यांच्या मठांत भिंतीवर चित्र काढीत असतां प्रायर रंगाची पिशवी हातीं घेऊन जवळ उभा राही. न जाणो, चित्रकारानें रंग चोरला तर! पेरुजीनोस त्या संशयाची चीड आली. तो दोन फटकारे मारी आणि कुंचला पाण्याच्या भांड्यांत बुडवी. भिंतीवर चढे त्याहून अधिक रंग भांड्याच्या तळाशीं बसे, आणि इकडे पिशवी रिकामी होई. शेवटीं त्यानें तळचा सगळा रंग प्रायरच्या हातीं परत ठेविला, आणि भल्या माणसांवर विश्वास ठेवावयास शिका, ज्याला फसवावयाचें आहे तो पहारा असतांही फसवील, अशा अर्थाचें त्यास सुनावलें. गोष्ट जशी घडली तशीच वासारीनें लिहिली असेल असें नाहीं; तो रंगवून सांगणारा गृहस्थ. पण जमाखर्च सांभाळणाऱ्या प्रत्येक पाद्र्यानें ती वर्षांतून एकदां वाचावी.

बॅक्सँडॉल यांनीं असे अनेक कागद ताडून एक गोष्ट दाखविली. शतकाच्या आरंभीं करारांत सोनें व निळाई यांवर भर असे. १४०८ सालच्या एका करारांत, एम्पोली येथील चर्चसाठीं, पवित्र मरीयेच्या अंगावरील निळा रंग औंसास दोन फ्लोरिनांचा आणि बाकी चित्रांतला एक फ्लोरिनाचा, असें स्पष्ट ठरलें होतें. जें सर्वांत मोलाचें तें आईला. पुढें पुढें मालापेक्षां हाताला किंमत येऊं लागली. १४४५ सालीं बोर्गो सान सेपोल्क्रो येथील मिझेरिकोर्दिया या भ्रातृमंडळानें, म्हणजे आपल्या सोदालितीसारख्या सामान्य लोकांच्या संघानें, पिएरो देल्ला फ्रांचेस्का यास १५० फ्लोरिनांस आल्तारचित्र सांगितलें, तेव्हां अट घातली कीं पिएरोवांचून दुसऱ्या कोणाचा कुंचला लागतां कामा नये, आणि दहा वर्षांत कांहीं दोष निघाल्यास तो त्यानेंच दुरुस्त करावा. मुदत तीन वर्षांची होती. काम पंधरा वर्षांच्या आसपास रेंगाळलें. पण आज त्या चित्रांत मरीयेच्या पसरलेल्या झग्याखालीं गुडघे टेकलेलीं माणसें पाहिलीं, त्यांत तोंड झांकणारी काळी टोपी घातलेला मंडळाचा एक सभासदही आहे, म्हणजे उशीर माफ करावासा वाटतो.

कौशल्याला जास्त मजुरी देणें न्याय्य आहे, हें त्याच शतकांत एका संतानें सांगून ठेविलें आहे. फ्लॉरेन्सचे आर्चबिशप संत अंतोनीनुस यांनीं सोनाराचें उदाहरण देऊन लिहिलें कीं जो अधिक कसबानें काम करितो त्यास अधिक मोल मिळावें, आणि चित्रकारासही तोच नियम. स्वस्तांत कोण करून देतो एवढेंच विचारणाऱ्या आमच्यासारख्यांस हें लागावें असें आहे.

आतां पाहणाऱ्यांच्या डोळ्यांविषयीं. आपल्या वाडींत असे लोक आहेत जे केळीच्या बागेंत उभे राहून घडाचें वजन नुसत्या नजरेनें सांगतात. शहरचा पाहुणा तोच घड पाहतो, पण त्याला फक्त हिरवी केळीं दिसतात. बॅक्सँडॉल म्हणतात कीं चित्र पाहणाराही आपल्या धंद्याची व संवयीची नजर घेऊन येतो. तेथील व्यापाऱ्यांना पिंपांचें माप डोळ्यांनीं काढावें लागे; खुद्द पिएरोनें व्यापाऱ्यांच्या गणितावर ग्रंथ लिहिला असून त्यांत पिंप मापण्याचें उदाहरण आहे. म्हणून त्याच्या चित्रांतील तंबू, खांब, टोप्या त्या लोकांना मनांतल्या मनांत मापाव्याशा वाटत असतील.

आणि दुसरी शाळा होती ती प्रवचनांची. येथें आमच्या व्यवसायाचा संबंध येतो म्हणून क्षणभर अभिमान वाटूं द्या. रोबेर्तो काराच्चोलो हा लेच्चे गांवचा फ्रान्सिस्कन उपदेशक देवदूताच्या निरोपावर प्रवचन करी तेव्हां मरीयेच्या मनाच्या पांच अवस्था एकामागून एक उलगडून सांगे. प्रथम ती गडबडली. मग विचारांत पडली. मग तिनें विचारलें, हें कसें होईल. मग ती नमली. आणि देवदूत निघून गेल्यावर कृपेनें भरून गेली. हें ऐकलेला माणूस चित्रापुढें गेला कीं पाही, येथें कोणती मरीया आहे? बॉत्तिचेल्लीच्या एका प्रसिद्ध चित्रांत ती मागें झुकून हात पुढें करिते, ती गडबडलेली मरीया. फ्रा अँजेलिकोची बहुधा नमलेली, हात छातीशीं दुमडलेले. लिओनार्दोनें तर एका चित्राची थट्टा केली आहे कीं त्यांत देवदूत मरीयेला खोलीबाहेर हांकीत असल्यासारखा दिसतो आणि ती बिचारी खिडकींतून उडी टाकणार असें वाटतें. आम्हीं पंचवीस वर्षें मार्च महिन्यांत या प्रसंगावर प्रवचन केलें, आणि पांच अवस्था एकदांही वेगळ्या करून सांगितल्या नाहींत. लोकांनीं मूर्तीकडे नीट पाहावें तरी कशाच्या बळावर?

घिर्लांदायोचें चित्र १४८८ सालीं पुरें झालें. तळपट्टीवरील लहान चित्रें बार्तोलोमेओ दि जोव्हान्नी यानें काढलीं. मध्यें मरीया, मांडीवर बाळ, तीन राजे, मागें बंदर व गलबतें. एका बाजूस दूरवर हेरोदाचे शिपाई मुलें कापीत आहेत. राजांच्या गर्दींत काळ्या वस्त्रांतील एक गृहस्थ आहे, तो प्रायर तेसोरी असें मानतात. परंतु सर्वांत पुढें, राजांच्याही पुढें, दोन लहान मुलें गुडघे टेकून आहेत. अंगांत पांढरें झिरझिरीत वस्त्र, डोक्यामागें प्रभावलय, आणि डोक्यावर ताज्या जखमा. एकास बाप्तिस्मा करणारा योहान पुढें करितो, दुसऱ्यास सुवार्तिक योहान. पहिला शहराचा आश्रयदाता, दुसरा रेशीमसंघाचा. तीन राजांच्या कोणत्याही चित्रांत या दोघांचें कांहीं काम नव्हतें. या घराच्या आल्तारावर मात्र होतें. सकाळीं मिस्सेला आलेल्या त्या टाकलेल्या पोरांना दिसे तें हें, कीं बाळ येशूच्या सर्वांत जवळ सोनें आणणारे नाहींत, आपल्याच वयाचीं, आपल्यासारखींच दुखावलेलीं दोन मुलें आहेत.

आतां अपराधाची गोष्ट. पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही याच धर्मग्रामांत सहायक धर्मगुरु होतों. उजव्या आल्तारावरील लांकडी मरीयेची मूर्ति धुरानें काळवंडली होती आणि सणास पंधरा दिवस उरले होते. आम्हीं ऑइलपेंटचे दोन डबे आणविले, घरांना रंग देणारा एक माणूस बोलाविला. कागद नाहीं, नमुना नाहीं, जाणत्याचा सल्ला नाहीं. दोन दिवसांत मूर्ति झळाळूं लागली आणि सणाच्या दिवशीं आमची वाहवा झाली. एक म्हातारी मात्र मिस्सा सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, "फादर, आमची जुनी माय कुठं ठेवली?" आम्हीं हंसून सांगितलें कीं ही तीच मूर्ति आहे. ती म्हणाली, "नाय फादर. ती बघायची आमच्याकडं." आणि निघून गेली. ती बाई आतां हयात नाहीं. गेल्या पावसाळ्यांत तो रंग सुटूं लागला, आणि झग्याच्या कांठावर पोपड्याखालून सोन्याचा वर्ख दिसला. तुम्हीं तो पाहिलाच आहे.

मूर्ति जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्यावी, या सूचनेवर समितींत जें बोलणें झालें तें लपविण्याचें कारण नाहीं. एका तरुणानें विचारलें, "फादर, तीन घरांतल्या मुलांची शाळेची फी थकली आहे, आणि आपण लाकडाच्या सोन्यासाठी पैसे काढायचे?" तो चुकीचें बोलला असें आम्हांस वाटत नाहीं. प्रायर तेसोरींच्या घरींही तिजोरी ओढगस्तीचीच असे, दायांना पैसे द्यावयाचे असत, आणि मुलें मरत. तरी त्यांनीं ११५ फ्लोरिनांचा कागद केला. आम्ही पुष्कळ विचार करूनही त्या कृत्याची पुरती वकिली करूं शकत नाहीं, आणि त्यास दोषही देऊं शकत नाहीं. त्याच शहरांत संत अंतोनीनुस यांनीं १४४२ सालीं, लाजेस्तव हात न पसरणाऱ्या गरिबांसाठीं बारा सत्पुरुषांचें एक मंडळ उभारलें. पैसे संपले म्हणजे तें मंडळ दारांत मेणबत्ती लावीत असे, आणि पाहणारे समजत. त्या मंडळाच्या प्रार्थनागृहांतील भिंतींवर भुकेल्यांस अन्न व उघड्यांस वस्त्र देण्याचीं चित्रें आहेत. तीं घिर्लांदायोच्याच कारखान्यांतून आलेलीं आहेत. दान करणाऱ्यांनीं चित्रकारही बोलाविला होता.

आमच्या उपयोगीं पडला तो त्या करारांतील दरमहा तीन फ्लोरिनांचा हप्ता. एकदम सगळी रक्कम काढावयाची नसेल तर एक काम दुसऱ्याच्या तोंडचा घांस काढीत नाहीं. म्हणून समितीपुढें आम्हीं असें ठेविलें आहे: तिन्ही घरांची फी याच आठवड्यांत महोत्सव निधींतून भरावी, मूर्तीचें काम वर्षाचें धरून दरमहा हप्त्यानें द्यावें, आणि ज्या महिन्यांत गरिबांची पेटी रिकामी असेल त्या महिन्याचा मूर्तीचा हप्ता आम्ही स्वतः भरूं, कारण रंगाचे ते दोन डबे आम्हींच आणविले होते. कारागिराचा हप्ता चुकतां कामा नये.

कराराचा मसुदा तयार आहे. त्यांत कोणता थर काढावयाचा, कोणता ठेवावयाचा, दुसऱ्या जाणत्यास केव्हां दाखवावयाचें, दोष निघाल्यास किती वर्षें जबाबदारी, आणि आम्हीं चुकल्यास आमच्यावर काय, हें सर्व लिहिलें आहे. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर तो येथेंच वाचून दाखविण्यांत येईल. चेहऱ्याविषयींचें कलम मात्र अजून कोरें ठेविलें आहे. ज्या वृद्धांना जुनी मूर्ति नीट आठवते, तिचे डोळे कसे होते तें ज्यांना सांगतां येईल, त्यांनीं कृपा करून त्यापूर्वीं साक्रिस्तींत येऊन आम्हांस भेटावें.